पेल्याला पाठवलेली फुलं

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी अमेरिकेत आयोवा राज्यात पेला नावाच्या गावी राहते. पाण्याचा पेला, तोच उच्चार. लग्न ठरलं तेव्हा आमच्या मोहल्ल्यात यावर पुरेसे विनोद होऊन गेलेत, तेव्हा वाचकांनी आता नवे करू नयेत. जावई सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झालेला. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यात आहे. गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या मिरज तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी.

गेल्या हिवाळ्यात भाचीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. ते नाही तर निदान आईने तिकडे जायचं. बहिणीने डिंक, हळीव, मेथी, बाळाची झबली-टोपरी सगळं बांधून ठेवलं होतं. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती मात्र बाळ चार महिन्यांचं झाल्यानंतरची. आठ दिवस बहीण कुणाशी नीट बोलली नाही. मग एक दिवस म्हणाली, "आपा, तिकडे बाळंतिणीला फुलं पाठवतात म्हणे. मी नाही, तर माझी फुलं तरी जाऊ देत."

बहिणीच्या मुलाने मोबाईलवर गावाचं नाव आणि 'फुलं' असं टाकलं. जे पहिलं समोर आलं, त्याच्या नावातच पेला होतं. फोटो सुंदर होते. नव्वद डॉलर भरले. तिसऱ्या दिवशी 'पोहोचलं' असा निरोप आला, आणि त्यानंतर दोन दिवसांनी भाचीने फोटो पाठवला: काचेच्या उंच भांड्यात गुलाबी गुलाब, मागे खिडकी. "अम्मी, फारच सुंदर आहेत," असं खाली लिहिलेलं.

बहिणीने तो फोटो सगळ्या नातेवाइकांना दाखवला. रात्री मात्र माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "आपा, जानेवारीत तिथे झाडांना पानं असतात का?"

मी चष्मा लावून पाहिलं. खिडकीबाहेर हिरवंगार झाड होतं. सकाळीच व्हिडिओ कॉलवर जावयाने आम्हाला अंगण दाखवलं होतं. बर्फाशिवाय तिथे काही नव्हतं.

मी जावयाला एकट्याला फोन लावला. बिचाऱ्याने सगळं सांगितलं. खोकं कुरिअरने आलं ते मंगळवारी. हे दोघं गुरुवारपर्यंत दवाखान्यात. खोकं दारात पायरीवर ठेवून माणूस निघून गेला आणि त्या दोन रात्री तापमान शून्याखाली वीसपर्यंत उतरलं होतं. खोकं घरात घेऊन उघडलं, तोवर गुलाबाच्या पाकळ्या काळपट पडल्या होत्या. हात लावला की भिजलेल्या कागदासारख्या सुटून येत होत्या. सोबतच्या छापील चिठ्ठीत भाचीचं नावही चुकलेलं. आईला वाईट वाटेल म्हणून तिने इंटरनेटवरून तशाच फुलांचा फोटो शोधून पाठवला.

हे मी बहिणीला सांगितलं. ती ऐकून गप्प बसली, मग म्हणाली, "तिला कळू देऊ नका, मला कळलंय ते."

मी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं आहे. चूक कुठे झाली ते सापडल्याशिवाय मला झोप येत नाही. नव्वद डॉलर मोजून फुलं गोठलीच कशी, याचा मी पिच्छा पुरवला, आणि त्यातून जे कळलं ते सांगण्यासाठी या महिन्याचं पान घेतलं आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं आता अशा लहान गावांत आहेत. न्यूयॉर्क-शिकागोत कुणी ना कुणी ओळखीचं निघतं. पेलासारख्या गावात निघत नाही.

दूर फुलं पाठवण्याची जुनी रीत आपल्या मनीऑर्डरसारखी आहे. आपण मिरजेत दिलेली नोट कोकणात जात नसे. निरोप जाई आणि तिथला पोस्टमन तिथल्याच नोटा देई. फुलांचंही तसंच. १९१० साली अमेरिकेतल्या काही फुलवाल्यांनी आपसांत ठरवलं की एकमेकांच्या ऑर्डरी तारेने कळवायच्या. या गावातल्या दुकानदाराने पैसे घ्यायचे, त्या गावातल्या दुकानदाराने आपली ताजी फुलं बांधून घरी पोहोचवायची. एफटीडी ही संस्था त्यातूनच उभी राहिली; नावातला 'टी' आधी टेलिग्राफचा होता. पायाला पंख असलेला रोमन देव मर्क्युरी हे तिचं चिन्ह. पंख निरोपाला होते, फुलं मात्र गावातल्या गावातच फिरत.

ही रीत अजून चालू आहे, पण मधले हात वाढले. शंभर डॉलरच्या ऑर्डरीतले साधारण वीस ऑर्डर घेणाऱ्याचे, सातेक जोडणी करणाऱ्या संस्थेचे, आणि उरलेल्यात प्रत्यक्ष फुलं बांधणाऱ्याने भागवायचं. त्यात आता नुसत्या ऑर्डरी गोळा करणारे आले आहेत. त्यांचं दुकान कुठेच नसतं. प्रत्येक गावाच्या नावाचं एक पान बनवायचं, ऑर्डर घ्यायची, आपला आकार आधी कापायचा आणि राहिलेल्या पैशांत एखाद्या दुकानाच्या गळ्यात ती मारायची. आपल्या मार्केट यार्डातल्या अडत्याचा निदान गाळा तरी असतो! दुसरी जात खोकेवाल्यांची. ते दुकानाला विचारतच नाहीत, गोदामातून फुलं खोक्यात घालून कुरिअरने धाडतात. मे महिन्यात हे चालून जाईल. आयोवाच्या जानेवारीत कुरिअरवाल्याला आत काय आहे आणि घरात कुणी आहे की नाही, याच्याशी काही देणंघेणं नसतं. आमची फुलं मेली ती इथे.

गंमत म्हणजे गुलाब इतका नाजूक असूनही तो मोठा फिरस्ता आहे. अमेरिकेतल्या दुकानांतले बहुतेक गुलाब कोलंबिया आणि इक्वेडोर या देशांतल्या उंच पठारांवर वाढतात, विमानाने मायामीला उतरतात आणि तिथून थंड ट्रकांतून देशभर जातात. वाटेत थंडी लागते, पण मोजून. शून्याच्या किंचित वर. आपल्या मावळातले पॉलिहाऊसवाले व्हॅलेंटाईनसाठी गुलाब परदेशी पाठवतात, त्यांना हे गणित चांगलं ठाऊक आहे. गुलाब हजारो मैल नीट येतो आणि शेवटच्या पायरीवर गोठतो.

तर दुकान गावातलंच हवं. ते ओळखायचं कसं? नकाशावर दुकानाची पाटी, रस्ता, दार दिसतं का पाहावं. फोन नंबर त्या भागाचा आहे का पाहावा. पेलाच्या भागाचा कोड ६४१ आहे. नुसता आठशेने सुरू होणारा नंबर असेल तर फोन कुठे वाजतो ते अल्लाच जाणे. आणि फोन लागला की सरळ विचारावं, तुमच्या दुकानातून काय दिसतं?

मी तेच विचारलं. तिथे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. (उन्हाळ्यात ते लोक घड्याळ पुढे करतात, तेव्हा साडेसात.) इशाची नमाज आटोपून आम्ही दोघी फोनपाशी बसलो. पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून माझ्याच वयाच्या. माझा प्रश्न ऐकून हसल्या. म्हणाल्या, "बर्फ दिसतो. आणि त्याच्यावर पवनचक्कीचं टोक."

पवनचक्की ऐकून माझी खात्री पटली. हे गाव १८४७ साली हॉलंडहून आलेल्या लोकांनी वसवलं. अजून तिथे डच धाटणीची घरं आहेत आणि २००२ मध्ये उभारलेली मोठी पवनचक्की आहे, तिच्यावर खरंच गहू दळतात. दर मे महिन्याच्या सुरुवातीला ट्युलिपच्या फुलांचा उत्सव भरतो. तो सुरू झाला १९३५ साली, तेव्हा खरे ट्युलिप लावायला वेळच मिळाला नव्हता, म्हणून सुताराकडून लाकडाचे करवून घेतले होते. हे मी बहिणीला वाचून दाखवलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे खोटी फुलं दाखवायची त्या गावाची जुनी सवयच आहे." कितीतरी दिवसांनी हसली.

त्या बाईंनी जे प्रश्न विचारले, त्यावरून मला कळलं की पहिल्या वेळी आम्हाला कुणी काहीच विचारलं नव्हतं. घरात दिवसा कुणी असतं का? घरचा फोन नंबर? मांजर आहे का? लिली मांजराला विषारी असते, मग ती घालणार नाही. बाळ लहान आहे तर उग्र वासाचं नको. थंडीत आम्ही दारात फुलं ठेवत नाही. गाडी आधी गरम करतो, फुलं जाड कागदात गुंडाळतो, निघताना फोन करतो आणि कुणी नसेल तर परत घेऊन येतो. दवाखान्यात पाठवायची असती तर त्यांनी आधी विभाग विचारला असता, कारण अतिदक्षता विभागात फुलं घेत नाहीत. शनिवारी लवकर बंद, रविवारी दुकान उघडत नाही. चर्चचं गाव आहे. फेब्रुवारीची चौदा तारीख आणि मे महिन्यातला दुसरा रविवार, म्हणजे त्यांचा मातृदिन, या दिवसांत मनासारखं काही मिळेल अशी आशा धरू नका, असंही त्यांनीच सांगितलं.

बहीण मध्येच माझा पदर ओढून विचारत होती, "मोगरा आहे का विचारा." मोगरा नव्हता. झेंडूही नव्हता. पंचाहत्तर डॉलर, म्हणजे सहा-साडेसहा हजार रुपये ऐकल्यावर तिचा जीव वर गेला. दर्ग्यासमोर हातावर मोजून गजरा घेणारी बाई ती! "एवढ्यात तर फुलवाल्याची अख्खी टोपली येईल." बाईंनी सुचवलं, गुलाब आठवडाभर टिकतील, त्याऐवजी कार्नेशन जास्त घाला, दोन आठवडे पाहत बसायला होतील. पण दुकानातल्या फुलांना वास जेमतेम असतो, हे ऐकून बहीण अडून बसली. वास नाही तर फूल कसलं? शेवटी बाईंनी फ्रीझियाच्या चार काड्या घालायचं कबूल केलं. तिचा वास मंद आणि गोड असतो म्हणे.

पैशांचं एक सांगून ठेवते. आपलं कार्ड परदेशी व्यवहारासाठी बहुधा बंदच असतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करायचं, मर्यादा लहान ठेवायची आणि काम झालं की आठवणीने बंद करायचं. तिकडे फोनवर नंबर सांगितला की पैसे जातात, आपल्यासारखा ओटीपी येतोच असं नाही. बँक वर साधारण तीन-साडेतीन टक्के घेते, ते वेगळे.

मग चिठ्ठी. बाईंनी विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, 'खूप प्रेम' वगैरे लिहा. बहिणीने माझ्या हातातून फोनच घेतला. तिला इंग्रजी येत नाही, पण इंग्रजी अक्षरं येतात. तिने एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली. टी, एच, ए. पलीकडून बाई प्रत्येक अक्षर परत म्हणून दाखवत होत्या. मध्ये एकदा चुकलं तेव्हा बहिणीने पहिल्यापासून सुरू केलं आणि त्या बाईंनीही पहिल्यापासून लिहिलं. दहा मिनिटं तरी गेली असतील.

दुसऱ्या दिवशी रात्री भाचीचा व्हिडिओ कॉल आला. टेबलावर फुलं होती, मागे खिडकी, खिडकीबाहेर बर्फ. बहीण फुलांआधी खिडकीच बघत होती.

"अम्मी, चिठ्ठी कुणी लिहिली? मला आधी वाटलं डच आहे. शेजारच्या आजी आल्या होत्या, त्यांनीही वाचून पाहिली. त्या म्हणाल्या, ही आमची डच नाही. मग मी मोठ्याने वाचली."

तिने चिठ्ठी पडद्यासमोर धरली. निळ्या शाईत, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'ठंडे पानी में हात नको डालू.'

"वाचलं तेव्हा मी बाळाच्या बाटल्या धूत होते," भाची म्हणाली. "गार पाण्याने."

"आधी हात पूस," बहीण म्हणाली.