श्वास घ्यायला सांगणं सोपं आहे!

मागच्या वर्षी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावी मी आशाताईंसाठी ताणतणावावर शिबिर घेतलं. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, मनातलं बोला... एम.एस.डब्ल्यू.ला शिकलेलं सगळं सांगून झालं. शेवटी मागच्या रांगेतली एक जण म्हणाली, "श्वास तर घेताव की, ताई. पण रात्री बाळंतिणीसंगं दवाखान्यात गेल्यावर पाठ टेकायची कुठं, ते सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मैत्रिणींनो, ताणाचं औषध आपण बाईच्या मनात शोधतो आणि त्याचं कारण मात्र तिच्या कामात तसंच ठेवतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमायचं ठरलं. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयरोग्याच्या गोळ्या, वर येतील तेवढी सर्वेक्षणं, सगळं तिच्याकडे. आणि नाव काय, तर 'स्वयंसेविका'! म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. २०२० मध्ये कोरोनात ती दारोदार फिरली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या आशांचा गौरव केला. मोबदला वाढवून घ्यायला मात्र २०२४ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडावं लागलं. तेव्हा कुठे मार्चमध्ये महिना ५,००० रुपये वाढीचा निर्णय झाला.

आपल्याच जिल्ह्यात, अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायकांमधून 'भारतवैद्य' घडवल्या. साधी बाई गावाचं आरोग्य सांभाळू शकते, हे इथं केव्हाच दिसलंय. प्रश्न उरतो, तिला कोण सांभाळणार?

आज त्या एकमेकींनाच सांभाळतात. एकीचं मूल आजारी पडलं, तर दुसरी तिची नोंदवही पुरी करते. पण हा थकलेल्या बाईनं थकलेल्या बाईला दिलेला खांदा आहे. त्यावर सरकारनं आणि घरानं किती दिवस निभावून न्यायचं?

समुपदेशन नको, असं माझं म्हणणं नाही. त्याआधी ग्रामीण रुग्णालयात आशांसाठी कडी लागणारी एक खोली हवी, रात्री परतायला वाहन हवं, मोबदल्याची तारीख ठरलेली हवी. ती रात्रभर जागून आल्यावर घरी चूल दुसऱ्या कुणी पेटवायला हवी. आपल्या गटांनी हे ग्रामसभेत, तालुक्याच्या बैठकीत मांडायला हवं.

पुढचं शिबिर मी घेईनच. फक्त त्या वेळी पहिल्या रांगेत अधिकारी बसलेले असतील, आणि बोलतील आशाताई.