पोटरीतील गोळा आणि शहाळ्याचे पाणी

शेतात दिवसभर राबलेल्या माणसाच्या पोटरीत रात्री गोळा आला, म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी त्यास मीठसाखरेचे पाणी किंवा शहाळे देतात. घाम गाळलेल्या देहास ते मानवते. परंतु मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या रोग्यासही हाच उपाय मायेने केला जातो, असे आजाऱ्यांच्या भेटीस गेलो असता आम्ही पाहिले आहे. त्यात प्राणास धोका आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अशा रोग्यास लघवी थोडी होते, कधी मुळीच होत नाही. दोन दिवसांत प्यालेले पाणी अंगात साठते आणि यंत्रास ते सुमारे ४ तासांत काढावे लागते. यंत्र ते काढते रक्तातून. अंगातील इतर पाणी रक्तात उतरून ती तूट भरते खरी, पण सावकाश. काढण्याचा वेग भरण्याच्या वेगाहून वाढला की रक्तदाब उतरतो, स्नायूंस रक्त अपुरे पडते व पोटरी दगडासारखी होते; बहुधा अखेरच्या तासात. रक्तातील सोडियम, कॅल्शियम वा मॅग्नेशियम कमी होणे, हीही कारणे संभवतात. आणखी एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रोग्यास भूक लागू लागते, अंगी मांस धरते. पण ठरविलेले ‘कोरडे वजन’ जुनेच राहते. मग यंत्र, जे पाणी जादा नाही, तेही ओढू लागते.

आता शहाळ्याविषयी. त्यात पोटॅशियम पुष्कळ असते. मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नाहीत; ते रक्तात वाढल्यास हृदयाची गती बिघडून माणूस एकाएकी दगावू शकतो. केळ्याचेही तेच. मिठाने तहान वाढते, तहानेने पाणी, आणि पुढच्या खेपेस गोळा अधिकच. पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी, लोणचे, पापड ही सारी मिठाचीच भावंडे होत. रोग्याच्या ताटात ती वाढू नयेत.

गोळा येताच रोग्याने परिचारिकेस हाक मारावी. आपली माणसे भिडेपोटी दात आवळून पडून राहतात! ती पाणी काढण्याचा वेग कमी करील, लागल्यास शिरेतून सलाइन देईल. पाऊल गुडघ्याकडे ताणून धरल्यानेही आराम पडतो. घरी रात्री गोळा आला तरी तो डॉक्टरांच्या कानी घालावा आणि कोरडे वजन पुन्हा तपासावयास सांगावे. वेदनेस कंटाळून अर्धा तास आधीच यंत्रावरून उठणारे पुष्कळ असतात. त्यांचे उरलेले पाणी पुढच्या खेपेच्या पाण्यात मिळते आणि त्याच ४ तासांत काढावे लागते.