प्रकल्प विकतचा, अभ्यास कुणाचा?

सीमाभागातील मराठी शाळांत ‘प्रकल्प’ या नावाने जो व्यवहार चालतो, त्यास आम्ही अभ्यास म्हणण्यास तयार नाही. ‘संयुक्त महाराष्ट्राचा लढा’ हा विषय मिळाला की विद्यार्थी झेरॉक्सच्या दुकानातून छापील चित्रे आणतो, मोबाइलवरील मजकूर उतरवतो आणि गुण घेऊन मोकळा होतो. त्या मजकुरात पुष्कळदा बेळगावचे नावही नसते! १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन याच शहरात भरले, संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव येथेच झाला. आणि ते येथल्याच मुलास ठाऊक नसावे?

शोधण्यास दूर जावे लागत नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे. प्रथम मराठी विश्वकोश उघडावा. पण नोंद वाचून थांबू नये. मोठ्या नोंदींच्या शेवटी बहुधा संदर्भग्रंथ दिलेले असतात, तीच पुढची वाट. त्यांतले एखादे पुस्तक ग्रंथपालांकडे मागावे, अनुक्रमणिका आणि शेवटची सूची पाहून हवे ते पान काढावे. (सबंध पुस्तक वाचण्याचा धाक मुलांना कुणी घालू नये.) लेखक, पुस्तक, वर्ष व पृष्ठांक आधी वहीत लिहावा, मगच टिपण घ्यावे, तेही स्वतःच्या शब्दांत. दोन पुस्तकांत तारीख वेगळी निघाली, की खरा प्रकल्प सुरू झाला! मग जुन्या वृत्तपत्रांच्या फायली चाळाव्यात, घरातल्या आजोबांना विचारावे.

सरकारी ग्रंथालयांत मराठी पुस्तके अपुरी, ही तक्रार खरीच आहे. कर्नाटकाच्या १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसतो. तो मराठी माणूसही भरतो. तेव्हा मराठी पुस्तक मागणे ही याचना नव्हे. परंतु मराठी पुस्तके कुणी नेतच नाही, असे देवघेवीची नोंदवही सांगू लागली, तर मोर्च्यातील घोषणांनी ती खोडली जाणार नाही. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातील आपला दावा कागदपत्रांवर उभा आहे, आणि आपण मुलांना चित्रे चिकटवण्यास शिकवतो!

शिक्षकांनी या सत्रापासून, ज्यात तीन पुस्तकांची नावे व पृष्ठांक नाहीत, असा प्रकल्प परत करावा. पुस्तक ग्रंथालयात मिळाले नाही, तर विद्यार्थ्याच्या सहीचे मागणीपत्र तेथे द्यावे आणि पोच घेऊन ती प्रकल्पास जोडावी.