साक्षीदाराची मजुरी कोण भरणार?



"आदिवासी साक्षीदार टिकत नाही." हे वाक्य आपण ठाण्यात ऐकतो, कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकतो, आता तर आपलीच शिकलेली पोरं म्हणायला लागली. जमिनीवरून मारहाण झाली, केस झाली, चार वर्षांनी निकाल लागला आणि आरोपी गुलाल उधळत गावात आले की सगळ्यांचं बोट साक्षीदाराकडे. फितूर झाला. बाटलीवर गेला. पाचशेच्या नोटेवर विकला गेला.

आम्ही म्हणतो, आधी हिशेब करा, मग शिवी द्या.

समजा, झरी-जामणीकडच्या एखाद्या पोडावरची कोलाम बाई आहे. तिच्या डोळ्यांसमोर शेजाऱ्याला वावरातून हाकललं, काठ्यांनी मारलं. पोलिसांनी जबाब लिहून नेला. दोन वर्षांनी समन्स आलं. तिला वाचता येत नाही, कोणीतरी सांगितलं, "पेशी हाये." रात्रीच भाकर बांधायची, पहाटे फाट्यापर्यंत पायी, मग काळी-पिवळी, मग एसटी. पेशी पांढरकवड्याला असो, पुसदला असो की यवतमाळला, घरी परतायला अंधार पडतोच. कोर्टात बसायला जागा नाही. ती भिंतीला टेकून खाली बसते आणि समोरच्या बाकावर तेच आरोपी, त्यांचे भाऊ, त्यांचा वकील. चार वाजता कळते, आज साक्ष होत नाही, पुढची तारीख घ्या. अशा पाच पेशा धरा. वेचणीच्या दिवसांतल्या दोन, तेंदूच्या हंगामातली एक. पाच दिवसांची मजुरी बुडाली, पाचदा तिकीट काढलं, लेकरू शेजारणीकडे टाकलं. आणि सहाव्या पेशीच्या आदल्या रात्री आरोपीचा माणूस दारात येऊन गोड बोलतो, "काऊन येरझारा मारतं वो बाई? तिकिटाचे पैसे आमी देतो, फक्त म्हण का मले काही आठोत नाही."

दोन वर्षांत तिला तिकिटाचं विचारणारा हा पहिला माणूस. सरकारनं विचारलं नाही, आरोपीनं विचारलं.

आता दुसरा साक्षीदार पाहा. जंगल खात्याच्या केसमध्ये नाकेदार साक्षीला येतो. तो त्या दिवशी ड्युटीवर धरला जातो. पगार चालू, वर प्रवास भत्ता. जमादारालाही तसंच, डॉक्टरलाही तसंच. त्यांना कोणी विकला गेला म्हणत नाही. एकाच कोर्टात, एकाच पिंजऱ्यात उभे राहणारे दोन साक्षीदार. एकाची साक्ष म्हणजे काम आणि दुसऱ्याची साक्ष म्हणजे भुर्दंड. आणि केसच्या कागदावर वर काय लिहिलेलं असते? "महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक." खटला सरकारचा आहे, बापा! ती बाई सरकारची साक्षीदार आहे. सरकारच्या कामासाठी तिनं घरची मजुरी का जाळायची?

आम्ही भीक मागत नाही. हे कायद्यात लिहिलेलं आहे. 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 21 मध्ये साक्षीदारांचा प्रवास आणि निर्वाह खर्च सरकारनं द्यावा असं आहे. 1995 च्या नियमांत नियम 11 आहे, तो प्रत्येक गावात एकदा मोठ्यानं वाचा. पीडिताला, त्याच्या घरच्यांना आणि साक्षीदाराला गावापासून तपासाच्या किंवा कोर्टाच्या जागेपर्यंत जाण्या-येण्याचं एसटीचं, टॅक्सीचं जे खरं भाडं लागलं ते मिळालं पाहिजे. त्या दिवसाचा निर्वाह भत्ता मिळाला पाहिजे आणि तो शेतमजुराच्या किमान मजुरीपेक्षा कमी चालणार नाही. जेवणाचा खर्च वेगळा. बाई असेल, लेकरू असेल, साठ वर्षांवरचा बुढा असेल किंवा अपंग असेल, तर सोबत आपल्या पसंतीचा एक माणूस नेता येतो आणि त्याचाही खर्च सरकारचा. पैसे लगेच, नाहीतर तीन दिवसांच्या आत. जबाबदारी जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी आणि त्यांच्या हाताखालच्या दंडाधिकाऱ्यांची.

तीन दिवस! आम्ही जेवढ्या लोकांसोबत पेशीला गेलो, त्यातल्या एकाच्याही हातात तीन दिवसांत पैसे पडलेले आम्ही पाहिले नाहीत. बहुतेकांना असा भत्ता असतो हेच कोणी सांगितलं नव्हतं. एका कार्यालयात तर बाबूनं आम्हालाच विचारलं, "हा नियम कुठं आहे, दाखवा."

2016 च्या जानेवारीपासून त्याच कायद्यात कलम 15-क आलं आहे. त्यात साक्षीदाराला संरक्षण, प्रवास खर्च, गरज पडली तर दुसरीकडे राहायची सोय, हे सगळं विशेष न्यायालयानं द्यायचं आहे. जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला द्यायची आहे. आपल्यासाठी आणखी मोठी गोष्ट, त्याच दुरुस्तीनं वनहक्काच्या जमिनीत अडथळा आणणं, पीक नासवणं, पीक उचलून नेणं हेही अत्याचारात घातलं. म्हणजे पट्ट्याच्या जमिनीवर जी दांडगाई चालते ती आता नुसती तहसीलची भानगड राहिली नाही, फौजदारी गुन्हा झाली. पण गुन्हा कागदावर आला म्हणून सिद्ध होत नाही, त्याला माणूस उभा करावा लागते.

कोणी म्हणेल, सुप्रीम कोर्टानं साक्षीदार संरक्षण योजना आणली ना? आणली. डिसेंबर 2018 मध्ये महेंद्र चावला खटल्यात सुप्रीम कोर्टानं ती योजना सगळ्या राज्यांवर कायद्यासारखी लागू केली. जिल्ह्यात समिती, तिचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, सोबत पोलीस प्रमुख आणि सरकारी वकिलांचे प्रमुख. अर्ज आला की पोलिसांनी पाच कामाच्या दिवसांत धोक्याचा अहवाल द्यायचा. राज्यानं वेगळा निधी उभारायचा. महाराष्ट्राचा स्वतःचा साक्षीदार संरक्षण कायदा तर 2017 चा आहे. आणि 1 जुलै 2024 पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम 398 मध्ये राज्यांनी अशी योजना काढावीच असं लिहिलं आहे. कायद्यांचा दुष्काळ नाही.

पण ही 2018 ची योजना नीट वाचा. तिच्यात गुन्हा म्हणजे फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षं नि त्यावर शिक्षा असलेला गुन्हा, आणि बायकांवरचे काही गुन्हे. अॅट्रॉसिटी कायद्यात जमीन बळकावण्याची शिक्षा किती? जास्तीत जास्त पाच वर्षं. म्हणजे आमच्या वावरातून आम्हाला हाकलताना ज्यानं पाहिलं, तो साक्षीदार या योजनेच्या दाराबाहेर. त्याच्यासाठी 15-क आहे हे खरं, पण ते मागायला कोर्टात कोणीतरी तोंड उघडलं पाहिजे. आरोपीला वकील आहे, सरकारला वकील आहे. साक्षीदाराचं कोण आहे?

शिवाय ही योजना बोलते धमकीबद्दल. भुकेबद्दल बोलत नाही. आमचे साक्षीदार जेवढे काठीला भितात, त्याहून जास्त बुडालेल्या मजुरीला भितात. आणि कोर्टाला भितात. कोलामी ही काही मराठीची बोली नाही, ती वेगळी भाषा आहे. जबाबात हवालदारानं लिहून ठेवलेलं असते, "सायंकाळी 5.30 वाजताचे सुमारास." बाई कोर्टात सांगते, गाई परतायच्या वेळी. झालं, वकील म्हणतो साक्ष विसंगत! किती फुटांवर होतीस, पूर्वेला की पश्चिमेला, हे तो मराठीत तडातडा विचारते आणि ती मान हलवते. दुभाषी मागायचा असतो हे तिला माहीत नाही.

म्हणून आमची मागणी पैशापुरती नाही. खटला उभा राहायच्या आधी साक्षीदाराला कोर्टाची खोली दाखवा. न्यायाधीश कुठं बसतात, आरोपी कुठं, आपण कुठं, हे सांगा. "मले समजलं नाही" आणि "मले माहीत नाही" असं म्हणायचा हक्क आहे हे सांगा. कोलामी, गोंडी येणारा माणूस ठेवा. आरोपीपासून वेगळी बसायची खोली द्या. काय बोलायचं ते मात्र कोणी शिकवू नये, आम्हीही नाही. इंग्लंडमध्ये फौजदारी कोर्टात साक्षीदारांना आधार द्यायला माणसं असतात, साक्षीआधी कोर्ट दाखवतात आणि त्याचा पैसा सरकार देते. आपल्या देशावर राज्य करताना त्यांनी हे काही शिकवलं नाही, समन्स आणि दंड तेवढे शिकवले.

आता आपल्यातल्याच दोन आक्षेपांबद्दल. काही साथी म्हणतात, साक्षीचे पैसे घेतले की समोरचा वकील विचारेल, "किती घेतले?" विचारू द्या. उत्तर द्या, एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी, सरकारी नियमानं, सही करून. अंधारात घेतलेल्या पाचशेला लाज असावी, उजेडात घेतलेल्या भत्त्याला कसली? दुसरे म्हणतात, जे सरकार आपल्या झोपड्या मोडते, त्याच्याकडे हात कशाला पसरायचा? हा पैसा सरकारच्या घरचा नाही. आणि आपली माणसं नेहमी फिर्यादीच नसतात. जंगल खात्याच्या केसमध्ये आपण आरोपी असतो, तेव्हा आपल्या बाजूचे साक्षीदारही मजुरी बुडवूनच येतात. साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारातून देण्याचा हुकूम फौजदारी कोर्ट करू शकते, हे जुन्या संहितेत होतं आणि नव्यातही आहे. तो दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांना मिळाला पाहिजे. खोट्या केसमधून सुटायलाही साक्षीदारच लागतो.

नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याचं आठवा. 2014 साली सतरा वर्षांच्या दलित पोराला दिवसाढवळ्या मारलं. 2017 मध्ये आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक उलटले. सगळा महाराष्ट्र त्या साक्षीदारांवर थुंकला. त्याच गावात, त्याच लोकांमध्ये ते कसे राहणार होते, हे निकालाच्या आधी सरकारातल्या कोणी विचारलं होतं? आम्ही फितुरीची बाजू घेत नाही. पण फितुरी पिकते ती जमीन सरकारनंच नांगरून ठेवली आहे.

अॅट्रॉसिटी नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते, तिची तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायला पाहिजे. आम्ही मागतो की प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न आधी घ्यावा: या तीन महिन्यांत किती साक्षीदार कोर्टात आले, कितींना भत्ता मिळाला, कितव्या दिवशी मिळाला. यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावू नका, नाव उघड होईल. फक्त आकडा सांगा. मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी इथल्या पेसा गावांनी येत्या ग्रामसभेत याचा ठराव घ्यावा आणि तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्यावी.

तोवर ज्यांची पेशी आहे त्यांनी एवढं करा. एसटीचं तिकीट फेकू नका, काळी-पिवळीवाल्याकडून चिठ्ठी घ्या. साक्ष झाली नाही तरी आलो होतो याची नोंद कोर्टाच्या बाबूकडून मागा, साक्ष न होता परत पाठवलं तरी तुमचा दिवस गेलाच आहे. पोलीस जबाब लिहितील तेव्हा तो तिथंच वाचून दाखवायला लावा, त्यावर सही-अंगठा करायचा नसतो. बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. आरोपीचा माणूस दारात आला तर तारीख, वेळ आणि तिथं कोण होतं ते लिहून ठेवा, लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. अर्जाचा नमुना आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याकडे आहे, या पत्रिकेसोबतच सायक्लोस्टाईल केला आहे. दोन प्रती भरायच्या, एक उपविभागीय अधिकाऱ्याला द्यायची, दुसरीवर शिक्का मारून घ्यायचा. शिक्का देत नसतील तर तिथून उठू नका, आम्हाला निरोप पाठवा.