दहा बाय आठची खोली

‘डॉक्टर, आता या वयात स्टुडिओ? कॅसेटी काढायच्या आहेत की काय?’ मंडळाच्या कोजागरीच्या कार्यक्रमात एका स्नेह्यांनी हा प्रश्न विचारला आणि आसपासच्या खुर्च्यांवर हशा पिकला. मीही त्या हशात सामील झालो. मुलगी नोकरीनिमित्त पुण्याला गेली, तिची दहा बाय आठ फुटांची खोली रिकामी झाली आणि त्या खोलीत मी ध्वनिमुद्रणाची सोय केली, एवढीच ती बातमी होती. मला गाणी विकायची नाहीत. लहानपणी गुरुजींकडे गिरवलेले चार राग एवढीच माझी संगीतातील मिळकत आहे. तरीही आपल्यापैकी ज्यांच्या घरात अशी एखादी खोली आहे, त्यांनी ती सोय अवश्य करावी, असे माझे मत आहे. ते सकारण मांडण्यासाठी हा लेख.

प्रथम एक कबुली. १९८४ साली वडिलांनी घरातल्या टू-इन-वनवर आजीचा आवाज मुद्रित केला होता. आजी होळकरांच्या अमदानीत साताऱ्याकडून सून म्हणून इंदुरास आली. तिच्या जात्यावरच्या ओव्या, नातवंडांना म्हटलेली अंगाई आणि मध्येच सांगितलेल्या माहेरच्या दोन गोष्टी, असा तासाभराचा ऐवज त्या कॅसेटमध्ये होता. वडील काटेकोर. कॅसेटच्या कडेवरचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे त्यांनी मोडून ठेवले होते, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरे काही मुद्रित होऊ नये. १९८७ साली मी बारावीत होतो. कोरी कॅसेट हाताशी नव्हती आणि रेडिओवर हवी ती गाणी लागणार होती. मी त्या खाचांत कागदाचे बोळे कोंबले आणि आजीवर सिनेमाची गाणी चढवली. पुढल्याच वर्षी आजी गेली. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी ती कॅसेट उचलली आणि कपाटात मागे ठेवून दिली.

त्या आवाजात काय होते, हे मला पुढे पुष्कळ उशिरा कळले. साताऱ्याच्या मराठीवर साठ वर्षांचे माळव्याचे पाणी चढले होते. तशी मराठी कोणत्याही पुस्तकात सापडत नाही आणि आता कोणी बोलतही नाही. आपण इंदूरकर, ग्वाल्हेरकर, बडोदेकर बोलतो त्या मराठीला पुण्याची मंडळी हसतात. हसोत बापडी. परंतु ती मराठी आपल्या आजी-आजोबांनी दोन भाषांच्या सीमेवर संसार करून घडवली आहे, आणि तिचे एकमेव भांडार म्हणजे त्यांचा आवाज.

कोणी म्हणेल, त्यासाठी खोली कशाला? हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. आक्षेप रास्त आहे. काहीच न करण्यापेक्षा मोबाइलवर केलेले मुद्रण लाखपटीने चांगले. पण दिवाणखान्यात केलेले असे एखादे मुद्रण एकदा कान देऊन ऐकावे. पंखा, कुकरची शिट्टी, शेजारचा दूरदर्शन संच आणि भिंतींवरून परतणारा आवाज यांच्या गर्दीत माणूस कोठेतरी दूर बोलत असतो. आपला मेंदू समोर बसलेल्या माणसाचा आवाज गलबल्यातून निवडून घेतो, माइकला ती निवड जमत नाही. त्यावर ती फीत निरोप-अॅपवरून पाठवली की ती आणखी दाबली जाते आणि आवाजातील बारकावे गळतात. मोबाइलने आठवण राहते. आवाजाचा पोत, श्वास, शब्दांचा हेल राहायचा तर शांत खोली हवी.

खोली लहान आहे, हे कारण मात्र कोणी देऊ नये. १९०२ सालच्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला, तोही हॉटेलातील जागेत तात्पुरती मांडणी करून. आपल्याला त्याहून जवळचे उदाहरण देवासचे. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन देवासला आले आणि काही वर्षे गाणे बंद ठेवून अंथरुणावर पडून राहिले. स्ट्रेप्टोमायसिनने त्यांना बरे केले, हे आपण वैद्यक मंडळी अभिमानाने सांगतो. त्या सक्तीच्या मौनात आसपासच्या बायाबापड्यांची माळवी गाणी त्यांच्या कानांवर पडत राहिली आणि पुढे त्यांच्या गायकीत उतरली, हे तितक्याच अभिमानाने सांगावयास हवे. आजाऱ्याच्या खोलीत कानांना अवधी मिळाला, म्हणून ते घडले.

आता खोलीच्या निदानाकडे वळू. छातीवर बोटाने ठोकून रोग ओळखण्याची पद्धत लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ साली व्हिएन्नात प्रसिद्ध केली. ते खाणावळवाल्याचे पुत्र. पिंप ठोकून आत किती द्रव आहे हे ओळखण्याची युक्ती त्यांना घरचीच. संगीताचाही त्यांना इतका लळा की सालिएरीच्या एका ऑपेराची संहिता त्यांनी लिहिली. खोलीचीही हीच तपासणी करावी. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. उत्तरादाखल टणटण असा थरथरता आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती ध्वनी एकमेकींकडे चेंडूसारखा फेकत आहेत असे समजावे.

लहान खोलीचा खरा विकार मात्र टाळीने कळत नाही, तो खालच्या स्वरांत असतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा स्वर उभा राहतो, आठ फुटांत सुमारे ७०चा. काळी एकमधला खर्जाचा षड्ज ६९च्या आसपास आहे आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याचा तळही याच परिसरात येतो. त्यामुळे माझ्या खोलीत डग्गा एका कोपऱ्यात ढोलासारखा घुमे, तर मधोमध अगदी पोचट वाटे. त्यात छताची उंचीही दहा फूट, म्हणजे लांबीएवढीच. दोन्हींचा दोष एकाच स्वरावर येऊन दुप्पट झाला होता. चौकोनी डबीसारखी खोली याच कारणाने सर्वांत वाईट.

येथे मी एक चूक केली, ती इतरांनी करू नये. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी एक इंच जाडीचा स्पंज चारही भिंतींना चिकटवून घेतला. त्याने वरचे स्वर शोषले गेले, खालचे तसेच राहिले आणि खोलीतला आवाज सर्दी झालेल्या मुलासारखा झाला. अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य आणि आगीचा धोका मात्र खरा. खालच्या स्वरांना जाडीच लागते. शेवटी सुताराकडून लाकडी चौकटी करून घेतल्या, त्यांत चार इंच जाडीचे रॉकवूल भरले, वर सुती कापड ताणून बसवले आणि त्या कोपऱ्यांत उभ्या केल्या. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क वापरावा, हे आपल्याला सांगणे न लगे. एका भिंतीला पुस्तकांचे भरगच्च कपाट लावले. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोन गोधड्या टांगल्या, कारण माइकचे तोंड गाणाऱ्याकडे असते आणि म्हणून त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतलेला आवाजच तो अधिक ऐकतो.

खोलीतला आवाज सुधारणे वेगळे आणि बाहेरचा आवाज रोखणे वेगळे, हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रॉकवूलने रस्त्यावरची रिक्षा थांबत नाही. त्यासाठी जड भिंती, जड दार आणि फटी बुजवणे एवढेच उपाय आहेत. मी दाराच्या फटीला रबरी पट्टी लावली आणि पुढचे काम घड्याळावर सोपवले. सकाळी कचरागाडीचे गाणे, संध्याकाळी लग्नसराईचा बँड, म्हणून आमचे मुद्रण दुपारी दोन ते चार. इन्व्हर्टर आणि जुन्या ट्यूबलाइटचा चोक यांची गुणगुण माइकात उतरते, तेव्हा तेही बंद. पंखाही बंद, म्हणून दर वीस मिनिटांनी दार उघडून मोकळी हवा घ्यावी. बंद खोलीत ज्येष्ठांना तासभर बसवून ठेवू नये.

यंत्रांविषयी थोडक्यात सांगतो, कारण लोक नेमके तेथेच अडकतात. एक बरा माइक, माइक व संगणक यांच्यामधला दुभाषा म्हणजे ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि एक स्टँड, एवढ्याने काम भागते. कंडेन्सर माइक बारकावे टिपतो, त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. खोली फार शांत नसेल तर शुअर एसएम५८सारखा साधा डायनॅमिक माइक अधिक क्षमाशील ठरतो. ‘प’ आणि ‘भ’चा फटका अडवायला भरतकामाच्या कड्यावर ताणलेला जुना मोजाही चालतो. बोलणाऱ्याला माइकपासून वीतभर, गाणाऱ्याला फूट-दीड फूट दूर बसवावे. मुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला करावे, आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी आणि मूळ प्रत वेव्ह स्वरूपात जपावी. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. लेनेक यांनी १८१६ साली कागदाची सुरळी करून छाती ऐकली होती. नळी कितीही महाग असली तरी वॉर्डात गोंगाट असेल तर मर्मर ऐकू येत नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, खर्चाचा निम्मा वाटा खोलीवर घालावा आणि यंत्रे त्यानंतर घ्यावीत.

बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली कानांची. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९च्या मानकानुसार वैयक्तिक उपकरणांवर ऐकण्याची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलने ४० तास आहे, तर मुलांसाठी ७५ डेसिबलने ४० तास. पातळी तीन डेसिबलने वाढली की तोच डोस निम्म्या वेळात पोहोचतो. घरात स्टुडिओ आला की नातवंडे हेडफोनला चिकटतात. आवाजाचे बटण मोठ्यांच्या हाती असू द्यावे.

दुसरी गोष्ट आयांची. ‘बाळ हुशार होण्यासाठी कोणते संगीत लावू?’ हा प्रश्न मला ओपीडीत वारंवार विचारला जातो. याचे मूळ १९९३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या मोझार्टविषयीच्या एका छोट्या टिपणात आहे. तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता, बाळांवर नव्हे, आणि दिसलेला परिणाम पंधरा मिनिटांतच ओसरला. याउलट १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवले की, तीन दिवसांच्या आतले अर्भकदेखील आईचा आवाज ओळखते आणि तो ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलते. तेव्हा मी त्या आयांना सांगतो, विकतचे काही लावू नका, तुम्ही स्वतः गा. बेसूर असलात तरी गा. घरात आजी असेल तर तिला गाऊ द्या. मुद्रण हा त्या मांडीला पर्याय नाही. ती मांडी उद्या नसेल, त्या दिवसाची ती तजवीज आहे.

म्हणून मंडळाच्या सभासदांना माझी सूचना आहे. ज्यांच्या घरी खोली नाही, त्यांनी आपला तपासणीकक्ष पाहावा. रविवारी दुपारी तो रिकामा असतो, लहान असतो आणि पडदे, गाद्या तेथे असतातच. मंडळाने यंत्रांचा एक संच घेऊन तो आळीपाळीने द्यावा. पहिले मुद्रण स्वतःच्या गाण्याचे न करता घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचे करावे. त्यांना आधी विचारावे. त्यांचा होकार आणि त्यांनी सांगितलेली मर्यादा यांना रुग्णाच्या संमतीएवढाच मान द्यावा. तारीख, स्थळ आणि नाव आरंभीच त्यांच्याच आवाजात घ्यावे. तीन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी ठेवावी. माझी तिसरी प्रत पुण्याला मुलीकडे असते.

आमच्या खोलीत पहिल्यांदा आई बसली. वय चौऱ्याऐंशी. आधी म्हणाली, ‘माझा आवाज आता कुठे राहिला आहे?’ मग सासूकडून शिकलेल्या ओव्या एकेक करून आठवू लागली. आजीच्या ओव्या आईला येतात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हते, कारण मी तिला कधी विचारलेच नव्हते. त्या दुपारी सात ओव्या मिळाल्या. पाचव्या ओवीत ती अडली, खोकली आणि म्हणाली, ‘पुढे काय रे?’ मला सांगता आले नाही. नंतर संगणकावर तो खोकला आणि तो प्रश्न कापून टाकणे सहज शक्य होते. मी ते कापलेले नाहीत.

आजीची ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. सिनेमाची गाणी तिच्यावर स्पष्ट ऐकू येतात.