खोक्यातले गाव आणि आपले गाव

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला केला नाही असा माणूस मराठी मुलखात शोधून सापडायचा नाही. दगड-विटा रचायच्या, त्यांवर जुने पोते पसरायचे, वर चिखलाचा लपका द्यायचा, हळीव पेरायचे आणि मग बाजारातून आणलेले मावळे जागोजागी उभे करायचे. या किल्ल्यावर प्रमाणाचा हट्ट कुणी धरत नाही. मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, गुहेतला वाघ मावळ्यापेक्षा दांडगा असतो आणि पायथ्याच्या विहिरीवरची गवळण वाकली तर अख्खी विहीर झाकून जाईल. सिंहासनावरचे महाराज तर साऱ्या गडाहून मोठे. आणि ते तसेच असायला हवेत. तुळशीचे लग्न लागले की विटा पुन्हा परसात जातात आणि मावळे खोक्यात.

युरोप-अमेरिकेत जवळजवळ हाच खेळ मोठी माणसे खेळतात. फरक इतकाच, की ती बारा महिने खेळतात आणि मोजून खेळतात. पोटमाळ्यावर, तळघरात, नाहीतर मोटारीला बाहेर काढून गॅरेजमध्ये ही मंडळी छोट्या आगगाडीचे रूळ मांडतात. पाहुण्याची नजर आधी इंजिनावर जाते, ते साहजिकच आहे. पण इंजिन विकत मिळते. रुळांच्या कडेचे गाव मात्र हाताने उभारावे लागते. म्हणून या छंदाचा जीव इंजिनात नाही, त्या गावात आहे असे मला वाटते. आज त्या गावाविषयी बोलायचे आहे. कारण ते बोलता बोलता आपल्या गावाचा विषय निघतो.

आधी थोडा हिशेब. १९३५च्या सुमारास ट्रिक्स आणि मार्कलिन या जर्मन कंपन्यांनी जेवणाच्या टेबलावर मावेल अशी विजेवर चालणारी छोटी गाडी बाजारात आणली. त्यातून पुढे जे प्रमाण रूढ झाले, ते एकास सत्त्याऐंशी. म्हणजे साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरला किंचित कमी, सात फुटी दार अडीच सेंटिमीटरला किंचित कमी. एवढ्याने खूश होऊ नये. आपल्या चोवीस डब्यांच्या एक्स्प्रेसची लांबी अर्ध्या किलोमीटरहून जास्त भरते. ती या प्रमाणात केली तर सहा मीटर होते. दिवाणखान्यात फक्त गाडीच उभी राहील, चालायला जागाच उरणार नाही! म्हणून गाडीचे डबे कमी करावे लागतात, फलाट आखूड करावा लागतो आणि गावातली चाळीस घरे गाळून चार ठेवावी लागतात. आता ती चार कोणती ठेवायची? या छंदातला पहिला खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचे उत्तर फूटपट्टी देत नाही.

ही घरे मिळतात खोक्यात. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाख या गावी फालर बंधूंनी १९४६ साली कंपनी काढली आणि पुढे तिची छोटी घरे जगभर गेली. साल पाहा. जर्मनीतली खरी शहरे तेव्हा बाँबवर्षावाने ढिगाऱ्यात पडली होती. अशा देशात कौलारू घरे, देऊळ, टपाल कचेरी आणि स्टेशन यांचा छोटा संसार लोकांना हवाहवासा वाटला असेल, तर त्यात नवल ते काय? इंग्लंडात छापील पुठ्ठ्याची घरे अधिक लाडकी. सुपरक्विक आणि मेटकाफ ही त्यातली घरोघरची नावे. एअरफिक्स कंपनीने प्लॅस्टिकची सिग्नल केबिन काढली, ती रटलंड परगण्यातल्या ओकहॅम गावच्या केबिनवरून. त्या आडगावची केबिन त्यामुळे हजारो घरांच्या टेबलांवर जाऊन उभी राहिली. साचे पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेले, पण केबिन काही थांबली नाही. मूळ केबिन आज संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे.

खोके उघडले की आत काय असते? प्लॅस्टिकच्या सांगाड्याला लटकलेल्या भिंती, खिडक्या, कौले, पन्हळी. आणि एक नकाशा. तुकडे पिरगळून तोडायचे नाहीत, धारदार कटरने कापायचे, कडा बारीक कानशीने घासायच्या. चिकटवायचे द्रावण प्लॅस्टिक किंचित विरघळवते आणि दोन भिंती एकजीव होतात. थेंब जास्त पडला तर खिडकीची काच कायमची धुरकटते. दोन रात्रींत घर उभे राहते. आणि मग लक्षात येते, की हे घर शेजारच्या माणसाच्या टेबलावरही आहे, त्याच्या मेव्हण्याच्या टेबलावरही आहे. तीच हिरवी दारे, तेच लाल छप्पर, आणि सगळ्यावर नव्या बादलीसारखी चकाकी.

खरे काम इथून पुढे सुरू होते. जाणकार माणूस खोक्यावरच्या चित्राकडे पाठ फिरवतो. तो दोन खोकी आणतो, भिंती कापतो, एकाचा वरचा मजला दुसऱ्याच्या डोक्यावर चढवतो, मागच्या भिंती वाचवून त्यांचे आणखी एक घर काढतो. या उद्योगाला तिकडे 'किटबॅशिंग' म्हणतात. पडद्यालगत अख्खे घर ठेवत नाहीत, नुसती दर्शनी भिंत आणि बोटभर खोली. बघणाऱ्याला मागे सारी पेठ असल्याचा भास होतो. मागच्या रांगेतली घरे मुद्दाम लहान प्रमाणात करतात, म्हणजे गाव लांबवर पसरल्यासारखे दिसते.

मग रंग. आधी चकाकी मारायची. विटांच्या भिंतीवर फिक्कट राखी रंग अगदी पाण्यासारखा पातळ करून सोडायचा. तो सांध्यांत उतरतो, वरचा पुसून घ्यायचा, की दरजा भरलेल्या दिसतात. धुराड्याखाली काळ्या खडूची पूड, पन्हळीच्या तोंडाशी ओघळ, जोत्याला ओलीची हिरवट रेघ. घर जमिनीवर नुसते ठेवले तर खाली फट राहते आणि सारा डाव उघडा पडतो. म्हणून जोते मातीत किंचित पुरायचे. आत दिवा लावायचा तर भिंती आतून काळ्या करायच्या, नाहीतर सारे घर कंदिलासारखे पेटते. काळ्या कागदाच्या आडभिंती घालून एकाच खोलीत उजेड ठेवला, की लगेच प्रश्न पडतो : या घरात एवढ्या रात्री कोण जागे आहे? ज्या घराविषयी असा प्रश्न पडतो, ते घर जमले.

'एवढा उपद्व्याप कशासाठी?' असे कुणी विचारील. रिकामटेकड्यांचे चोचले म्हणून ही गोष्ट उडवून लावणे सोपे आहे. पण रॉय इंग्लंड या गृहस्थाची हकिगत ऐका. हा मूळचा ऑस्ट्रेलियन. १९२५ साली तो इंग्लंडात आला आणि ऑक्सफर्डजवळच्या व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातल्या गवती छपरांच्या घरांवर त्याचा जीव जडला. ती घरे त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होती, पडत होती. ती वाचवणे त्याच्या हाती नव्हते, मोजणे होते. त्याने घरांची मापे घेतली, फोटो काढले आणि पुठ्ठ्यातून तीच घरे प्रमाणात उभारायला घेतली. भिंतीची वीट न् वीट रंगवलेली, छपरावर बारीक तागाचे धागे, परसात भाजीचे वाफे. १९५४ साली त्याचे काम लाँग विटनम या गावी आले, आणि तिथले पेंडन संग्रहालय आजही चालू आहे. १९३०च्या दशकातले ते खोरे कसे दिसत होते हे आज तिथे जाऊन पाहता येते. एका माणसाने सुरू केलेले काम पुढे कितीतरी स्वयंसेवकांच्या हातांनी चालवले.

उलटी हकिगतही आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन ॲलन नावाच्या छांदिष्टाने तळघरात एक अजब डोंगरी मुलूख उभा केला होता. घरांना ऊन-पाऊस लागल्यासारखे दाखवण्याची कला ज्यांनी रुजवली, त्यांत त्याचे नाव अग्रभागी. थट्टेखोर इतका, की डबे ढकलायला त्याने एक डायनोसॉर नेमला होता! १९७३च्या जानेवारीत तो वारला आणि काही दिवसांतच घराला आग लागून त्या मुलखाचा बहुतेक भाग जळून गेला. राहिले ते त्याने स्वतः काढलेले फोटो. छोटे गावही शेवटी गावच. त्यालाही आग लागते.

आपल्याकडे हे कुणी केलेच नाही असे नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभारले. १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून कितीतरी मुलांनी तिथल्या काचेला नाक लावले आहे. तो प्रयोग पाहून बाहेर पडताना मन भरून येते, आणि एक खंतही उगवते. परदेशी खोक्यांतून जे गाव उभे राहते, ते परदेशीच असते. मंगळुरी कौलांचे घर, ओसरी, पत्र्याच्या पुढवाकडीचे दुकान, पिवळ्या पाटीवर मराठी, हिंदी, इंग्रजीत नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेले आपले स्टेशन : हे कुठल्याच खोक्यात मिळत नाही. रूळसुद्धा आपले नव्हेत. बाजारातला रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद. आपली ब्रॉडगेज त्या प्रमाणात एकोणीस मिलिमीटरांहून जास्त भरते. गंमत अशी, की एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने १८९७ साली सुरू केलेली आपली बार्शी लाइट रेल्वे मात्र या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटरांवर येते, आणि नऊ मिलिमीटरांचा रूळ तयार मिळतो. म्हणजे मिरज-कुर्डुवाडी-लातूरची जी छोटी गाडी ब्रॉडगेज होऊन इतिहासजमा झाली, तीच टेबलावर सर्वांत चपखल बसते!

आता घरची गोष्ट. आमचा वाडा १९९६ साली पाडला आणि तिथे चार मजली इमारत आली. त्याबद्दल तक्रार नाही. गळके छप्पर आणि सामायिक नळ ज्यांनी सोसले आहेत, त्यांनी वाड्याचे गोडवे जपून गावेत. परवा मुलीला शाळेसाठी पुठ्ठ्याचा वाडा करायचा होता. मी मोठ्या ऐटीत पेन्सिल उचलली, आणि पहिल्याच रेघेला अडलो. माडीच्या जिन्याला पायऱ्या किती? मी म्हणालो, अकरा. दादाला फोन केला, तो म्हणाला, तेरा. ताई म्हणाली, 'अरे, जिना दारातून शिरल्यावर उजवीकडे नव्हताच, डावीकडे होता.' तिघे त्या जिन्यावर वाढलो, तिघे त्यावरून पडलो. पण एकमत होईना. आई असती तर तिने डोळे मिटून सांगितले असते. जुने फोटो काढले. सगळ्या फोटोंत माणसे होती. मुंजीतली, बारशातली, छातीपर्यंत घेतलेली. त्यांच्या मागचा वाडा कुणाच्या ना कुणाच्या खांद्याआड गेला होता.

त्या दिवशी मला रॉय इंग्लंडचे मोठेपण कळले. आपण घराच्या आठवणी काढतो, पण घर मोजत नाही. मोजायला बसले की बघावे लागते, आणि बघायला लागले की कळते, की इतकी वर्षे आपण नुसते राहत होतो.

म्हणून सुचवावेसे वाटते. येत्या सुट्टीत महागड्या खोक्याची वाट न पाहता मुलांना घेऊन एक घर करावे. आजोळचे, नाहीतर आपल्या बोळातले, नाहीतर गावचे स्टेशन. आधी मापे घ्यावीत. भिंत उंच असेल तर कुणाला तरी शेजारी उभे करून फोटो काढावा. माणसाची उंची माहीत असली की घराची काढता येते, आणि त्रैराशिकाचा एक धडा फुकटात होतो. लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा भिंतींना उत्तम, हिराच्या काड्या गजांना, उदबत्तीच्या काड्या वाशांना. बारीक दातांच्या फणीवर ॲल्युमिनियमची चांदी नखाने घासली, की नालीदार पत्रा तयार. पहिले घर वाकडे होईल. होऊ द्यावे, खरी घरेही कुठे सरळ असतात?

आणि एक करावे. घर झाले की पुठ्ठ्याच्या तळाशी गावाचे नाव, वर्ष आणि मापे लिहून ठेवावीत. शाळांनी दरवर्षी एका वर्गाकडून गावातली एक आळी करून घेतली, तर दहा वर्षांत गाव उभे राहील. त्यातल्या चार इमारती तोवर पडलेल्या असतील. त्या कशा होत्या, यावर निदान भांडण होणार नाही.

आमचा पुठ्ठ्याचा वाडा अखेर झाला. जिना डावीकडे घेतला, ताईचे ऐकून. पायऱ्या मात्र बारा केल्या. अकरा आणि तेरा यांमधली तडजोड म्हणून. मुलीला बक्षीस मिळाले. पण त्या बाराव्या पायरीकडे नजर गेली, की मला अजून ओशाळल्यासारखे होते.