सारखी वांटणी कीं क्रम?

संगणकांत आठ प्रोसेसर असले, तर नेटवर्कवरून येणारीं पॅकेटें कर्नलनें आठांमध्यें सारखीं वांटावीं, म्हणजे काम झपाट्यानें उरकेल, असें कित्येकांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. एकाच संभाषणाचीं पॅकेटें निरनिराळ्या प्रोसेसरांकडे गेलीं म्हणजे मागचें पुढें होतें. आणि टीसीपीची मूळ रीत अशी कीं, एकाच जुन्या पोंचेची पुनरावृत्ति तीनदां झाली, कीं पाठविणारा पॅकेट हरवलें असें समजून तें पुन्हा पाठवितो व आपला वेगहि कमी करितो. मग वांटणीचा लाभ तो काय?

टॉम हर्बर्ट यांची जी योजना २०१० सालीं लिनक्सच्या २.६.३५ या आवृत्तींत आली, ती आम्हांस यासाठींच पसंत आहे. तींत दोन्ही टोकांचे पत्ते व पोर्ट यांवरून एक अंक काढितात व त्यावरून प्रोसेसर ठरवितात; अर्थात् एका संभाषणाचीं सर्व पॅकेटें एकाच प्रोसेसरापुढें क्रमानें जातात. एकच भारी संभाषण चालू असतां बाकीचे प्रोसेसर रिकामे बसतात, हा दोष आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या सर्व्हरवर हजारों ग्राहक एकदम येतात, तेथें तो सहसा जाणवत नाहीं. घरीं बसून एकच मोठी फाइल उतरवून घेणाऱ्यास मात्र या योजनेपासून फारसें कांहीं मिळावयाचें नाहीं.